कर्नल कुरकुरतो तेव्हा

डेबियन किंवा त्याच्या कुळातलं एखादं लिनक्स वापरणाऱ्याला हे दृश्य पाठ असतं. अपडेट चाललेलं आहे. नवा कर्नल उतरला, उलगडला, जागेवर बसला. झालंच म्हणेपर्यंत टर्मिनलवर ओळी झरझर उमटायला लागतात. सुरुवातीला ‘वॉर्निंग’चं एक आद्याक्षर, मग ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’, मग /लिब/फर्मवेअर या फोल्डरातल्या कुठल्याशा फाइलचा लांबलचक पत्ता आणि शेवटी ‘फॉर मोड्यूल आय९१५’ किंवा ‘आर८१६९’. कधी दोन ओळी, कधी अख्खा पडदा. त्यानंतर काहीच घडलं नसल्यासारखा प्रॉम्प्ट परत येतो. काही बिघडलं का, रीबूट करावं की नाही, याबद्दल चकार शब्द नाही.

नवखा माणूस इथे हबकतो. फाइलचं नाव शोधतो, मिळेल त्या ठिकाणाहून ती उतरवतो आणि सुडो लावून फोल्डरात कोंबतो. मुरलेला माणूस त्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. बहुतेक वेळा मुरलेलाच बरोबर ठरतो. पण ज्या दिवशी तो चुकतो त्या दिवशी रीबूटनंतर वायफाय गायब असतं किंवा स्क्रीन काळी पडते. कारण आधीच सांगितलेलं असतं, पण इतक्या निरुपद्रवी ओळींच्या गर्दीत की ते वाचायची सवयच मोडलेली असते. इशारा चुकीचा नाही, पण तो फार बोलतो आणि मुद्द्याचं सांगत नाही.

लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याला आपला प्रोसेसर असतो, आपली मेमरी असते. त्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. पूर्वी तो कार्डावरच्याच चिपमध्ये कायमचा भरलेला असे, त्यामुळे त्याचं अस्तित्व कोणाला जाणवत नसे. पुढे कंपन्यांनी हिशेब मांडला. प्रत्येक कार्डावर साठवणीची चिप कशाला बसवायची? फर्मवेअर फाइल म्हणून द्यावं, संगणक सुरू झाला की ड्रायव्हरने ते कार्डात भरावं. चिपचे पैसे वाचले, आणि चुका दुरुस्त करून नवी फाइल देणंही सोपं झालं. वीज गेली की कार्ड पुन्हा कोरं. विंडोजवाल्यांना याची खबर नसते, कारण ही फाइल ड्रायव्हरसोबतच येते. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो आणि फर्मवेअर दुसऱ्या घरातून.

हे दुसरं घर म्हणजे ‘लिनक्स-फर्मवेअर’ नावाचं भांडार. डेव्हिड वुडहाउस यांनी २००८ मध्ये कर्नलच्या पोटातलं फर्मवेअर बाहेर काढायला घेतलं, तेव्हा ते आकाराला आलं. त्याआधी अनेक ड्रायव्हरांच्या सोर्समध्येच हेक्साडेसिमल आकड्यांच्या पानोपानी रांगा असत. ब्रॉडकॉमच्या नेटवर्क कार्डांसाठीच्या टीजी३ या ड्रायव्हरात तर परवान्याची टीपच अशी होती, की हा डेटा हेक्साडेसिमल किंवा तत्सम स्वरूपात वाटायला परवानगी आहे. वाटा बापडे, आत काय आहे ते विचारू नका. कर्नलमधला फर्मवेअरचा उरलासुरला फोल्डर २०१७ मध्ये ४.१४ या आवृत्तीत गेला.

आता त्या ओळी कुठून येतात ते पाहू. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या आत एक यादी बाळगतो: मला या या फर्मवेअर फाइली लागू शकतात. ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा देऊन ती यादी कोणालाही बघता येते. आय९१५ हा इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दोन दशकांतल्या किती पिढ्यांच्या चिपा हा एकटा सांभाळतो! साहजिकच त्याच्या यादीत स्कायलेकपासून टायगरलेकपर्यंत आणि पुढेही सगळ्यांच्या फाइली असतात. तुमच्या मशीनमध्ये मात्र चिप एकच असते.

कर्नल बसला की डेबियन ‘इनिटरॅमएफएस’ नावाचं एक गाठोडं बांधतं. संगणक सुरू होताना मुख्य डिस्क उघडायच्या आधी जे जे लागेल, ते या गाठोड्यात असतं. डिस्कचा ड्रायव्हर, एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर पासवर्ड विचारण्याची सोय, आणि तो विचारताना स्क्रीन दिसावी म्हणून ग्राफिक्स. डेबियनची मूळ सेटिंग ‘मोस्ट’ अशी आहे, म्हणजे बहुतेक ड्रायव्हर घालून ठेवा. बांधणारी स्क्रिप्ट प्रत्येक ड्रायव्हरची यादी वाचते, फाइल सापडली तर गाठोड्यात टाकते, नाही सापडली तर ती सुप्रसिद्ध ओळ छापते. तुमच्याकडे ते हार्डवेअर आहे का, हा प्रश्न ती विचारतच नाही. सर्व्हिसिंगला अ‍ॅक्टिव्हा न्यावी आणि मेकॅनिकने बुलेटचे स्पेअर पार्ट संपलेत म्हणून चिंता व्यक्त करावी, तसला हा प्रकार.

यामागे अगदीच बिनडोकपणा आहे असं मात्र नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावली तरी ती सुरू व्हावी, ही ‘मोस्ट’मागची समजूतदार अपेक्षा आहे. ‘डेप’ ही दुसरी सेटिंग फक्त समोरच्या मशीनपुरतं गाठोडं बांधते. इशारे कमी होतात, पण उद्या मदरबोर्ड बदलला तर कदाचित मशीन उठणार नाही. माझं मत विचाराल तर नुसता इशारा टाळण्यासाठी ही सेटिंग बदलू नये.

काही ओळी तर निव्वळ विनोदी आहेत. सर्व्हरच्या मदरबोर्डांवर एएसपीड या तैवानी कंपनीची एक साधी ग्राफिक्स चिप असते. तिचा ड्रायव्हर ‘एएसटी’ एका डीपी५०१ फर्मवेअर फाइलची वाट बघतो, आणि सगळी डिस्ट्रो जिथून फर्मवेअर घेतात त्या भांडारात ही फाइल वर्षानुवर्षं मिळाली नाही. म्हणजे इशारा अशा वस्तूबद्दल, जी मिळवण्याचा सरळ मार्गच नाही. सर्व्हर तिच्यावाचून खुशाल चालतात. आर्च लिनक्सवाल्यांना ‘एआयसी९४एक्सएक्स’ हे नाव ऐकूनच हसू येतं. अ‍ॅडॅप्टेकच्या जुन्या सॅस कंट्रोलरचा हा ड्रायव्हर. घरच्या संगणकात तो कंट्रोलर कोण कशाला बसवेल, पण आर्चवर गाठोडं बांधताना त्याचा इशारा कित्येक वर्षं नित्यनेमाने येत राहिला.

आणि इंटेल वायफायची ती ‘योयो’. रीबूटनंतर कर्नलचा लॉग उघडला की ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ ही फाइल लोड झाली नाही, एरर उणे दोन, अशी ओळ दिसते. उणे दोन म्हणजे एवढंच, की या नावाची फाइल नाही. ही फाइल इंटेलच्या लोकांना वायफायमधल्या चुका शोधण्यासाठी लागते. तुमच्याआमच्याकडे ती नसणं हीच नेहमीची स्थिती. तरी ती लाल अक्षरातली ओळ पाहून लोक ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकतात. त्याच ड्रायव्हरची आणखी एक खोड आहे. तो आधी सगळ्यात नव्या क्रमांकाची फर्मवेअर फाइल मागतो, नाही मिळाली की एक क्रमांक खाली, मग आणखी एक खाली, असं करत हाताशी असेल ती घेतो. लॉगमध्ये ओळीने अपयश दिसतं आणि त्याखाली यश. वायफाय चालू, आणि वाचणारा अपयशाच्या ओळींतच अडकलेला.

मग धोका कुठे असतो? काही ठिकाणी फाइल नसली तरी काम भागतं, पण पुरतं भागत नाही. इंटेल ग्राफिक्सचं डीएमसी नावाचं फर्मवेअर नसेल तर स्क्रीन व्यवस्थित दिसते. फक्त ड्रायव्हर एका ओळीत सांगून टाकतो की आता रनटाइम पॉवर मॅनेजमेंट बंद. लॅपटॉप गरम का राहतो, बॅटरी भरभर का उतरते, याचं उत्तर त्या ओळीत असतं आणि आपण बॅटरीला दोष देत बसतो. रिअलटेकच्या इथरनेटचंही बहुधा असंच. आर८१६९ ड्रायव्हर फर्मवेअर नसतानाही नेट देतो. फाइलमध्ये चिपमधल्या दोषांवरच्या डागडुज्या असतात. त्या नसल्या तर काही चिपांवर लिंक अधूनमधून तुटते, आणि केबल बदलून दमल्यावर कोणाला तरी फर्मवेअर आठवतं.

एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचं दुखणं वेगळं. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर मुक्त आहे, त्याचा सोर्स कोणीही वाचावा, पण फर्मवेअरशिवाय तो पाऊल टाकत नाही. फाइल नसेल तर काळी स्क्रीन, फार तर ओबडधोबड रेझोल्यूशन. एनव्हिडियाने २०१४ च्या सेकंड जनरेशन मॅक्सवेल कार्डांपासून फर्मवेअरवर सही सक्तीची केली, आणि कंपनीची सही असलेल्या फाइलींअभावी नूवो हा मुक्त ड्रायव्हर ती कार्डं पूर्ण वेगाने चालवूच शकला नाही. वायफायची गोष्ट सगळ्यांत सरळ: फाइल नाही तर वायफाय नाही.

प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याचं स्वतःचं फर्मवेअर, हा याच कुटुंबातला आणि सर्वांत दुर्लक्षित. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतला स्पेक्टर हा सुरक्षेचा दोष उघडकीला आला, तेव्हा त्यावरच्या काही उपायांना नवा मायक्रोकोड लागत होता. २०२३ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांना एएमडीच्या झेन २ प्रोसेसरांत झेनब्लीड हा तसाच दोष सापडला, तेव्हाही तेच. डेबियनमध्ये इंटेल आणि एएमडीचा मायक्रोकोड वेगळ्या पॅकेजांत असतो आणि तो मुक्त नाही. तो नसला तर काही बंद पडत नाही, कोणी फारसं कुरकुरतही नाही. म्हणून तर तो राहून जातो.

तेव्हा कर्नल बसवताना ओळी दिसल्या तर काय करायचं? आधी शेवटचा शब्द वाचायचा, म्हणजे मोड्यूलचं नाव. मग ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘के’ हा पर्याय जोडून बघायचं, की आपल्या मशीनमध्ये तो ड्रायव्हर खरंच कुठल्या चिपला लागलेला आहे का. नसेल तर विषय संपला. असेल तर ‘डीमेसेज’च्या लॉगमध्ये फर्मवेअर हा शब्द शोधायचा. तिथे आपल्या चिपने प्रत्यक्षात काय मागितलं ते दिसतं. कर्नल बसतानाचा इशारा काय लागू शकेल ते सांगतो, लॉग काय लागलं ते. फाइल खरोखर कमी असेल तर ती डिस्ट्रोच्या पॅकेजातूनच घ्यावी. इंटेल वायफाय, रिअलटेक, एएमडी ग्राफिक्स यांची वेगवेगळी पॅकेजं आहेत. कुठल्याशा साइटवरून उतरवलेली सुटी फाइल पुढच्या अपडेटला जुनी होते आणि ती कोणी ठेवली हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. आणि जुना कर्नल काढायची घाई करू नये. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो असतो, नव्याने दगा दिला तर त्यावरून मशीन उठतं.

एक जागा अशी आहे, जिथे इशारा गांभीर्यानेच घ्यायला हवा. स्टेबल डेबियनवर बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारातून, नवा कर्नल आणला आणि फर्मवेअरचं पॅकेज जुनंच ठेवलं, तर नवा ड्रायव्हर नव्या फाइली मागतो आणि त्या नसतात. कर्नल बॅकपोर्ट्समधून घेतला तर फर्मवेअरही तिथूनच घ्यावं. नवा लॅपटॉप घेतल्यावर नवा कर्नल टाकणारे बरेचजण नेमके इथेच अडखळतात.

पण मुळात या फाइली डेबियनमध्ये पहिल्यापासून का नसत? उबुंटू फर्मवेअर सोबतच देऊन मोकळं होतं. फेडोराही वाटण्याची परवानगी असलेलं फर्मवेअर अपवाद म्हणून स्वीकारतं. डेबियनचा पिंड वेगळा. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९७ मध्ये स्वतःला एक सामाजिक करार घालून घेतला: डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. ज्याचा सोर्स मिळत नाही, जे बदलता येत नाही, ते डेबियनचा भाग नाही. फर्मवेअर या व्याख्येत बसेना. हे सॉफ्टवेअर म्हणायचं की हार्डवेअरचाच तुकडा, यावर २००४ पासून वर्षानुवर्षं वाद झाले, २००६ आणि २००८ मध्ये मतदानं झाली, आणि दर वेळी तेवढ्या आवृत्तीपुरती सवलत देऊन वेळ निभावली. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या स्क्वीझ या आवृत्तीत मात्र कर्नल पूर्ण मुक्त केला आणि अमुक्त फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ विभागात वेगळं काढलं.

त्या काळात कर्नल बसवताना डेबियन एक वेगळाच इशारा देत असे. आत्ता अमुक कर्नल चालू आहे, तुम्ही तमुक बसवताय, नव्यात तुमच्या मशीनवर वापरात असलेल्या काही ड्रायव्हरांना या फाइली लागू शकतील, त्या आमच्या मुक्ततेच्या नियमात बसत नसल्याने इथे नाहीत, हव्या असतील तर नॉन-फ्री विभाग चालू करा. असा चौकटीत घातलेला नीट परिच्छेद. निदान वापरात असलेल्या ड्रायव्हरांपुरतंच बोलायचा, आणि कारण व उपाय दोन्ही सांगायचा. आजच्या त्रोटक ओळीपेक्षा तो मला कधीही बरा वाटतो.

इन्स्टॉलरची अवस्था मात्र वाईट होती. तो मध्येच थांबून म्हणे, तुमच्या हार्डवेअरला नॉन-फ्री फर्मवेअर हवं आहे, ते पेन ड्राइव्हवरून द्या. वायफाय चालायला फाइल हवी आणि फाइल आणायला वायफाय. इथरनेटचं भोक नसलेले पातळ लॅपटॉप आले आणि ही कोंडी असह्य झाली. फर्मवेअरसह तयार केलेल्या इन्स्टॉलर इमेज डेबियनकडे होत्या, पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून साइटच्या एका कोपऱ्यात. ज्यांना माहीत ते तिथून घेत. ज्यांना माहीत नसे ते ‘डेबियनमध्ये वायफाय चालत नाही’ असं म्हणत उबुंटूकडे वळत.

स्टीव्ह मॅकिन्टायर हे या इमेज तयार करणाऱ्यांपैकी एक. २०२२ मध्ये त्यांनी विषय ऐरणीवर आणला. सामाजिक करार बदलायचा तर तीनास एक बहुमत लागतं. मतदान झालं, तेवढं बहुमत मिळालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला: यापुढे अधिकृत इन्स्टॉलर एकच, आणि त्यात फर्मवेअर असेल. काय लोड केलं याची माहिती वापरणाऱ्याला द्यायची, ती मशीनवर जपून ठेवायची, आणि ज्याला हे नको त्याला सुरुवातीलाच नाकारण्याची सोय ठेवायची, हेही ठरावातच होतं. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून हे अमलात आलं.

काहींना ही तत्त्वाशी तडजोड वाटते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पूर्ण मुक्त डिस्ट्रोंच्या शिफारशीच्या यादीत डेबियन पूर्वीही नव्हतं, आताही नाही. त्या यादीत ट्रिस्केल, प्युअरओएस, गुइक्स अशी नावं आहेत. मला मात्र फाउंडेशनच्या भूमिकेतली एक गाठ सुटत नाही. तेच फर्मवेअर चिपमध्ये कायमचं भरलेलं असेल तर ते हार्डवेअर समजायचं, आणि फाइल म्हणून दिलं तर ते अमुक्त सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये प्युरिझम कंपनीने आपल्या लिब्रेम ५ फोनसाठी योजना मांडली ती नेमकी यावर बेतलेली होती: मेमरी चालू करणारं अमुक्त फर्मवेअर मुख्य प्रोसेसरऐवजी दुसऱ्या छोट्या प्रोसेसरकडून लोड करायचं, म्हणजे नियमात बसतं. कोड तोच, बदलता येत नाही तो नाहीच, फक्त नजरेआड. फाइल निदान दिसते, तिची आवृत्ती कळते, ती नाकारता येते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट ‘साउंड ओपन फर्मवेअर’ची. इंटेलच्या पुढाकाराने झालेला हा ऑडिओ फर्मवेअरचा प्रकल्प, सोर्स सगळा खुला. पण बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांतली चिप इंटेलची सही असलेलीच फाइल स्वीकारते. तुम्ही सोर्स वाचा, बदला, बांधा, तुमची फाइल चिप घेणार नाही. म्हणून सही असलेलं तयार पॅकेज डेबियनमध्ये नॉन-फ्रीच्या बाजूला बसतं. उलट उदाहरण एथ९के-एचटीसी या यूएसबी वायफायचं. २०१३ मध्ये त्याच्या फर्मवेअरचा सोर्स खुला झाला आणि मुक्ततेचा आग्रह धरणारे आजही तो जुना डोंगल शोधून विकत घेतात.

डेबियन १२ ने एक नवी फसगतही आणली. फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग झाला. ज्यांनी नवीन इन्स्टॉल केलं त्यांना अडचण नाही. पण ११ वरून १२ वर आलेल्यांच्या सोर्सेसच्या यादीत फक्त ‘नॉन-फ्री’ होतं. फर्मवेअर तिथून हललेलं, त्यामुळे जुनी फाइल तशीच राहिली, अपडेट येईना, मायक्रोकोडसुद्धा थिजलेला. पॅकेजं उतरवणारं एपीटी याची सूचना देतं, पण तीही अपडेटच्या धबधब्यात एका ओळीची. जुनं मशीन वर्षानुवर्षं अपग्रेड करत आलेल्यांनी ही यादी आजच उघडून पाहावी. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये इंटेल आणि एनव्हिडिया ग्राफिक्ससारखी पॅकेजं आणखी सुटी झाली आहेत, तेव्हा आपलं फर्मवेअर आता कुठल्या नावाने येतं, तेही पाहिलेलं बरं.

आणि आपल्यापुरता एक मुद्दा. डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीत चालतो. स्वयंसेवकांनी तो भाषांतरित केलेला आहे. तो जुना चौकटीतला इशारा ज्या पद्धतीने दाखवला जाई, त्या पद्धतीतही भाषांतराची सोय होती. आजची ‘पॉसिबल मिसिंग’ ओळ मात्र शेल स्क्रिप्टमधून थेट छापली जाते, तिला इंग्रजीखेरीज भाषा नाही. मराठीत इन्स्टॉल केलेल्या मशीनवर पहिला कर्नल अपडेट झाला की भाषा बदलते, आणि तीही नेमकी घाबरवणाऱ्या क्षणी. ‘हे हार्डवेअर तुमच्या मशीनमध्ये आढळलं नाही, काळजी नको’ किंवा ‘तुमच्या वायफायला ही फाइल लागते, ती अमुक पॅकेजात आहे’ एवढी दोन वाक्यं स्क्रिप्टला सांगता आली, तर भाषांतर करायला माणसं आहेत.